हिर्डोशीचे नऊ

फेब्रुवारी लागला की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत कांदे येऊन बसतात. बाटलीच्या तोंडावर एकेक कांदा, बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं, आणि तिसऱ्या दिवसापासून खाली पांढरी मुळं लोंबायला लागलेली. बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर असतात. लांब दाढी फुटलेल्या एखाद्या कांद्याला मुलं आमच्या स्टाफरूममधल्या कुणाचं तरी नाव ठेवतात आणि मी ऐकलंच नाही असं दाखवते. भोरमध्येच मी जीवशास्त्र शिकवते, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी पहिली बाटली खिडकीत ठेवताना दर वर्षी हात जरा अडतो. मला सुनंदा आठवते, आणि ती आठवली की दिवसभर दुसरं काही नीट होत नाही.

आम्ही दोघी बारावीला होतो ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी भोर गावातली, शमीम, टेम्पोवाल्याची मुलगी. ती हिर्डोशीची. वरंध घाटाच्या वाटेवर डोंगरांच्या कुशीत तिचं गाव, भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी, आणि दिवसातून मोजक्या एसट्या. रात्री मुक्कामाला आलेली गाडी सकाळी सहाला गाव सोडायची, तिच्यात ती बसायची. कॉलेजच्या पायरीवर ती माझ्याआधी हजर आणि माझं घर दहा मिनिटांवर असून मी नेहमी धापा टाकत. "तुज्या घरला घड्याळ हाय ना गं?" असं ती रोज विचारायची आणि मी रोज चिडायची.

त्या महिन्याचा वास माझ्या नाकात अजून आहे. सकाळी नदीकाठची गार हवा, दहा वाजता पाठ भाजणारं ऊन, कॉलेजमागच्या आंब्याचा मोहोर, आणि सुनंदाच्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे. मागच्या बाकावर बसून आम्ही ते सोलायचो. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब बोटांना लागायची आणि जर्नलच्या पानांवर उतरायची. त्या वर्षी रमजानही फेब्रुवारीतच आला होता. माझे रोजे सुरू झाले तशी सुनंदा डबा घेऊन ग्रंथालयामागं जाऊन खायला लागली. मी म्हटलं, "अगं, माझ्यासमोर खाल्लंस म्हणून माझा रोजा मोडत नाही." ती म्हणाली, "तुजा न्हाई मोडत, पन माजा घास आडकतो." संध्याकाळी गाडीत चढताना माझ्या वाटणीचे घाटे रुमालात बांधून माझ्या हातात ठेवायची. इफ्तारला खजुराबरोबर मी हिर्डोशीचा हरभरा खायची, आणि अम्मी हसायची.

प्रॅक्टिकलला सगळ्यांत वजनदार प्रश्न कांद्याच्या मुळाचा. मुळाच्या टोकाशी पेशी सतत दोनाच्या चार होत असतात. त्या दुभंगताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या. आमचे सर म्हणायचे, "मुळं सकाळी नऊच्या सुमाराला कापा. अवेळी कापलीत तर नुसत्या विटा दिसतील विटा." विटा म्हणजे भिंतीतल्यासारख्या ओळीनं पडलेल्या, न दुभंगणाऱ्या पेशी. कापलेली मुळं लगेच अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायची. त्यात पडलं की पेशी जिथं असेल तिथं थांबते. दुसऱ्या दिवशी टोकाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा, लाल रंगात बुडवायचा, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचा. सगळं ठीक जमलं तर पेशीच्या पोटात लाल धाग्यांचे दोन पुंजके एकमेकांपासून लांब सरकताना दिसतात. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोठ्यानं ओरडले होते आणि सरांनी मला बाहेर काढलं होतं.

नऊच का, असं सुनंदानं एकदा विचारलं. सर खरं बोलणारे होते. ते म्हणाले, "मलाही नीट माहीत नाही. पेशीलाही वेळ कळत असावी."

माझं बरं होतं. आमच्या घरी अब्बांचं गजराचं घड्याळ होतं. कांदा स्वयंपाकघरातल्या फळीवर, नऊ वाजले की ब्लेडनं मुळं कापायची, दवाखान्यातून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत टाकायची, वरून रबराचं बूच. जानेवारीत मी तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा छान जमलं. सुनंदाचं जमेना. नऊला ती कॉलेजात असायची, म्हणून निघण्याआधी सहाला कापायची. बघावं तर नुसत्या विटा. मी म्हटलं माझी मुळं घे. तिनं मान हलवली. "माज्या कांद्याचंच दाखवीन," म्हणाली.

हट्टाला कारण होतं. तिच्यासाठी वेल्ह्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. तिच्या वडिलांनी सरांना भेटून साधा प्रश्न टाकला होता, "सर, पोरगी म्होरं शिकन्याजोगी हाय का? तुमी सांगाल त्ये करू." सर म्हणाले होते की प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतील, ते काय म्हणतात बघू, मग मी सांगतो. बाप दिलेल्या शब्दाचा पक्का होता. म्हणजे सुनंदा माझ्याबरोबर पुढं शिकणार की चैत्र-वैशाखात बोहल्यावर उभी राहणार, हे त्या एका प्रॅक्टिकलवर येऊन ठेपलं होतं. आम्ही दोघींनी पुण्याला जाऊन शिकायचं ठरवून टाकलं होतं. खोलीत कुणी कुठल्या खाटेवर झोपायचं, तेसुद्धा ठरलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जर्नलवर सह्या घ्यायला तिला भोरला यावंच लागलं. सकाळी निघताना तिनं आईला सांगितलं, "आई, नऊला मुळं काप आन् या बाटलीत टाक." तिच्या आईला मी मावशी म्हणायची. मावशींना घड्याळ कळत नव्हतं, आणि घरात घड्याळ नव्हतंही. पण नऊ त्यांना चांगले ठाऊक होते. हिर्डोशीत सगळ्यांनाच ठाऊक होते. नऊची गाडी आली की नऊ.

आता नऊची गाडी म्हणजे भोरच्या स्टँडवरून नऊला सुटणारी गाडी. वाटेतले थांबे, चढ, कुणाची पोती, कुणाची बकरी असं करत ती हिर्डोशीला पोचायची साडेदहाला. पण तिचं नाव नऊचीच. त्या गाडीचा हॉर्न खालच्या वळणावर वाजला, मावशींनी हात धुतले, विळीवर मुळं कापली आणि बाटलीला बूच लावलं.

परीक्षेच्या दिवशी सुनंदा पायरीवर उभी होती, चेहरा उतरलेला. "शमे, आईनं नऊच्या गाडीला कापली," ती म्हणाली. मला कळायला क्षणभर लागलं. मग मी कपाळावर हात मारला. "अगं, ती साडेदहाला येते! कमाल आहे तुझ्या आईची." हे वाक्य मी बोलले, ते मला चांगलं आठवतं.

माझा एक स्वभाव आहे. कुणाचं भलं करायचं मनात आलं की मी त्या माणसाला विचारत नाही. आत नावं पुकारायला सुरुवात झाली होती. मुळं अर्धी-अर्धी वाटून घ्यायला चिमटा नव्हता, वेळही नव्हता. माझं बाकी सगळं चांगलं झालेलं, एका प्रश्नानं माझं काही बिघडणार नव्हतं. मी तिच्या मुठीतली बाटली ओढून घेतली आणि माझी तिच्या हातात कोंबली. "नको, शमे," ती म्हणाली. तिनं मुठी आवळल्या. मी त्या सोडवल्या. "कुणाला सांगायचं नाही. दोघींनाही परीक्षेतून काढतील. माझी शपथ आहे तुला." तिला आत ढकलून मी मागून गेले, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

मावशींची मुळं मी रंगात घातली, दाबली, काच ठेवली आणि नुसत्या विटा बघायच्या तयारीनं डोळा लावला. एकही वीट नाही, असं म्हणण्याइतक्या पेशी दुभंगत होत्या. कुठं धागे मध्यावर रांगेत उभे, कुठं दोन पुंजके नुकते सुटलेले, कुठं मधली भिंत घालायचं काम चाललेलं. पुस्तकातल्या आकृतीतसुद्धा इतकी गर्दी नव्हती. परीक्षक आले, वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"कितीला कापलीत मुळं?"

"नऊला, सर."

"अचूक वेळ. या रे सगळे, बघून जा, असं नेहमी बघायला मिळत नाही."

सगळी बॅच ओळीनं आली. सुनंदाही आली. ती वाकली आणि इतरांपेक्षा जास्त वेळ वाकलेलीच राहिली. मागचा मुलगा "आटप की" म्हणाला तेव्हा ती सरळ झाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आपल्या टेबलाशी जाऊन ती माझी मुळं पुन्हा पुन्हा दाबत राहिली. त्यात सगळ्या विटाच होत्या. परीक्षकांनी तिला दोन प्रश्न विचारले. उत्तरं तिला येत होती, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

बाजाराच्या दिवशी तिचे वडील कॉलेजच्या फाटकाशी सरांना भेटले. मी चार हातांवर उभी होते, छातीशी जर्नल धरून. सर म्हणाले, "पोरगी कष्टाळू आहे. पण प्रॅक्टिकल तेवढं चांगलं नाही झालं, खोटं कशाला सांगू." वडिलांनी हात जोडले, पटका सारखा केला आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मला त्यांना हाक मारता आली असती. सरांना गाठून सगळं सांगता आलं असतं. पण मग माझं काय होईल, याचा हिशेब मी तेवढ्यात करून बसले होते.

वैशाखात तिचं लग्न झालं. मांडवात ती मला म्हणाली, "पुन्याला गेलीस की पत्र टाक." जूनमध्ये निकाल लागला. सुनंदा पास झाली होती. तिची गुणपत्रिका मी कॉलेजातून घेऊन हिर्डोशीच्या गाडीतल्या कंडक्टरकडं दिली, आणि पत्र मात्र कधीच टाकलं नाही.

पुण्याला मी एकटीच शिकले. खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर दुसरी मुलगी आली, चांगली होती, पण मी तिच्याशी कधी मनापासून बोलले नाही. एमएस्सीला असताना ग्रंथालयात एक लेख हाती लागला. पेशीच्या आत एक घड्याळ असतं, ते दिवस-रात्र ओळखतं, आणि पेशीनं दुभंगायचं की थांबायचं याची परवानगी त्याच्याकडून यावी लागते, असं त्यात होतं. आपल्या कातडीच्या, आतड्याच्या पेशीसुद्धा वाटेल तेव्हा वाढत नाहीत, त्यांचीही दिवसातली वेळ ठरलेली असते. आणि ते घड्याळ स्टँडवरच्या वेळापत्रकानं लागत नाही, ते उजेडानं लागतं.

मी लेख तसाच उघडा ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

हिर्डोशीला ऊन उशिरा येतं. दिवाळीच्या सुट्टीत मी एकदा सुनंदाकडं राहिले होते. सकाळी थंडीनं दात वाजत होते आणि मी अंगणात उन्हाची वाट बघत उभी होते. मावशी म्हणाल्या होत्या, "थांब वाईच, अजून डोंगराच्या पल्याड हाय त्ये." कांदा त्याच अंगणाच्या कडेला, उंबऱ्याशी असायचा. त्याची सकाळ भोरच्या मागून यायची. उलट आमच्या घरी रमजानात अम्मी पहाटे चारला सहरीसाठी उठायची आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायची. फळीवरचा माझा कांदा बरोबर त्या दिव्याखाली. जानेवारीत त्याचे नऊ नऊलाच वाजत होते. रमजान लागल्यावर त्याची सकाळ चारला व्हायला लागली, आणि मी अब्बांच्या घड्याळात नऊ बघून कापायला गेले तोवर त्याची वेळ टळून गेलेली होती. घरातल्या सगळ्यांचं झोपणं, उठणं, जेवणं बदललं होतं. कांद्याचंही बदललं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

हे असंच झालं असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. थंडीनंही मुळं मागं राहतात, एकेका कांद्याचाही फरक असतो. भोरला नोकरी लागल्यावर मी घरी काही कांदे पहाटेच्या दिव्याखाली ठेवले, काही अंगणात भिंतीच्या सावलीत, आणि तासातासाला मुळं कापून बघितली. दिव्याखालच्यांची वेळ अलीकडं सरकली, सावलीतल्यांची पलीकडं. त्या दिवशी मी जेवले नाही.

तेव्हापासून मला ती फार हवीशी वाटते. सतरा वर्षांची, हरभऱ्याच्या आंबेनं बोटं काळवंडलेली, मला शमे म्हणणारी. शमे म्हणणारं आता कुणी नाही, सगळ्यांची मी मॅडम आहे. वेल्हं असं कितीसं लांब? हायवेला नसरापूरच्या फाट्यावर उतरायचं आणि गाडी बदलायची. दोनदा मी फाट्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा वेल्ह्याची गाडी समोर उभी होती, माणसं चढत होती, आणि मी उसाचा रस पिऊन घरी परत आले. मैत्रिणीपुढं उभं राहण्यापेक्षा तिच्या आईपुढं उभं राहणं सोपं जाईल असं वाटलं, म्हणून शेवटी एका रविवारी हिर्डोशीला गेले. लग्नाला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती.

मावशी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. केस पांढरे झालेले, नजर तशीच. "भोरची शमीम न्हवं? ये बाय, बस." सुनंदाचं बरं चाललंय म्हणाल्या. दोन पोरं, शेती, गावातल्या पोरांचा अभ्यास घेते. मग दाराच्या वर भिंतीकडं बघून म्हणाल्या, "सव्वाअकरा झाल्यात. आता जेवूनच जा."

भिंतीवर घड्याळ होतं. "मावशी, घड्याळ कधी शिकलात?"

"सुनीचं लगीन झालं त्याच पावसाळ्यात. धाकल्या पोराकडनं शिकले. आदी मोठा काटा, मंग बारका." त्या सुपातला खडा शोधत बोलत होत्या. "म्या अडानी. गाडीला नऊ समजले, आन् पोरीचं शिकनं माज्या हातानं कापलं गेलं. ती एका शबदानं बोलली न्हाई मला. पन मला ठाव हाय ना."

मग मी सांगितलं. बाटल्या बदलल्याचं, परीक्षकांचं, डोंगरामागच्या उन्हाचं, आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचं. पेशी, घड्याळ हे शब्द मी टाळत होते, पण मावशींना सगळं नीट समजलं. शेतातल्या माणसाला उगवायची वेळ वेगळी समजवावी लागत नाही.

"म्हंजी म्या कापल्याली मुळं चांगली व्हती?"

"सगळ्या बॅचमध्ये चांगली. परीक्षकांनी सगळ्यांना बोलावून दाखवली."

"सुनीनं बघितली?"

"बघितली. सगळ्यात जास्त वेळ तिनंच बघितली."

त्यांचे हात सुपात थांबले. चेहरा एकदम मोकळा झाला, वयाची दहा वर्षं कुणी उतरवून ठेवावीत तसा. पदरानं डोळे पुसत त्या हसल्या. "मंग तिला ठाव हाय तर, आई चुकली न्हाई म्हनून." मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आन् मला का न्हाई बोलली गं? इतकी वर्सं तिच्याम्होरं मान खाली घालून बसले मी."

"मी शपथ घातली होती तिला, मावशी. माझी परीक्षा जाईल म्हणून."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. रागावतील असं मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो माझ्यापुढं ठेवला आणि माझ्याशेजारी बसल्या.

"तुला मैतरीण लई चांगली मिळाली," त्या म्हणाल्या. मग खरंच माहीत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "आन् तिला?"